वर्षावास, सडा आणि आपले बूट

आषाढ पौर्णिमा जवळ आली की वस्त्यावस्त्यांतल्या बुद्धविहारांत लगबग सुरू होते. ग्रंथवाचनाला कोण बसणार, भोजनदान कुणाकडे, समारोपाला कोणत्या भन्तेजींना बोलवायचे, याच्या बैठका होतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला जातो. म्हाताऱ्या आया-बहिणी पावसात भिजत येऊन शेवटच्या रांगेत बसून ऐकतात. आणि नेमक्या याच तीन महिन्यांत आपली तरुण मंडळी जीपगाड्या भरून सह्याद्रीत जातात. कुणी लेणी पाहायला, कुणी धबधब्याला, कुणी नुसताच 'ट्रेक' करायला. विहारात वर्षावास आणि डोंगरात धुडगूस, हे दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी चालू असते. यात काही विसंगती आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. कारण वर्षावास मुळात का सुरू झाला, हे आपण तीन महिने वाचन करूनही एकमेकांना सांगत नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात ही हकिकत आहे. भगवान बुद्ध राजगृहाला वेळुवनात राहत होते. तोवर भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम नव्हता. हिवाळा असो, उन्हाळा असो, पाऊस असो, भिक्खू चालतच होते. लोकांनी तक्रार केली. हे शाक्यपुत्र श्रमण भर पावसात फिरतात कसे? हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली चिरडतात. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी बसतात, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून राहतात, मग यांनाच काय झाले? ही तक्रार बुद्धांच्या कानावर गेली. ते रागावले नाहीत. 'आम्ही धम्म सांगायला फिरतो, आमचे काम मोठे आहे' असा बचावही त्यांनी केला नाही. सामान्य माणसांनी केलेली टीका रास्त मानून त्यांनी नियम घातला की पावसाळ्यात एका जागी राहावे.

म्हणजे वर्षावास हा पावसाळ्यात पायवाटेने होणाऱ्या नुकसानीवर घातलेला निर्बंध आहे. एवढ्या साध्या शब्दांत तो आपल्याला कुणी सांगितला नाही. आपण त्याचा सण केला.

आता आंबोलीकडे चला. सावंतवाडीहून घाट चढून गेले की सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या माथ्यावर हे गाव आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. गावाभोवती जांभ्या दगडाची सपाट पठारे आहेत, त्यांना तिकडे सडा म्हणतात. उन्हाळ्यात सडा पाहिला तर काळपट, तापलेला, ओसाड दिसतो. झाड नाही, माती जेमतेम बोटभर, तीही खाचाखोचांत. महसुली दप्तरात अशा जमिनीला पोटखराबा, पडीक असे शब्द आहेत. पण जूनचा पहिला पाऊस पडला की या 'खराब' जमिनीवर जे घडते, ते जगात फार थोड्या ठिकाणी घडते.

या सड्यावर टोड जातीचा एक छोटा बेडूक राहतो. अंगठ्याएवढाच म्हणा. कुशीवर पिवळा रंग आणि त्यावर वाघासारखे पट्टे. या पट्ट्यांवरूनच शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याचे 'टायग्रिना' असे नामकरण केले. सर्वसामान्यपणे त्याला आंबोली टोड म्हणतात. जगभरच्या धोक्यातल्या जीवांची यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेने त्याला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात टाकले आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे निसर्गातून नाहीसे होणे. कारण उघड आहे. त्याचे घर एवढेच. आंबोली आणि तिच्या भोवतालचा थोडा भाग. याच कुळातला दुसरा बेडूक कोयनेच्या परिसरात आहे, त्याची नोंद १९६३ सालची. बस्स, या वंशात एवढे दोघेच. आंबोलीत देवगांडुळाचीही एक जात सापडली, तिची नोंद २००३ सालची. देवगांडूळ म्हणजे गांडूळ नव्हे, बेडकाचाच बिनपायाचा भाऊबंद. तो मातीत आणि दगडाखाली राहतो. गावाकडे त्याला सापाचे पिल्लू समजून मारतात, हा आपल्या अज्ञानाचा आणखी एक नमुना.

हा बेडूक दिवसा सड्यावरच्या सुट्या दगडाखाली बसतो. तिथे ओल असते, सावली असते. पाऊस सुरू झाला की खडकातल्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. ही डबकी किती खोल? चार बोटे, कुठे वीतभर. पाऊस थांबला तर ती चार-सहा दिवसांत आटूही शकतात, म्हणून अंड्यातून पिल्लू, पिल्लातून बेडूक हा सगळा संसार घाईत उरकावा लागतो. अशा डबक्यात एक बूट पडला की तळाचा गाळ ढवळून अंड्यांवर बसतो. दहा बूट पडले की डबके राहत नाही, चिखल राहतो. माणसाला चिखल नको असतो म्हणून मागचा माणूस बाजूने चालतो. त्याच्या मागचा आणखी बाजूने. एका माणसाची पायवाट एका पावसाळ्यात बैलगाडी जाईल एवढी रुंद होते. तिच्यातून पाणी वाहायला लागले की तिचा ओहळ होतो आणि आजूबाजूच्या खाचांत थांबणारे पाणी त्या ओहळातून उताराला निघून जाते. बेडकावर कुणीच पाय दिला नाही, तरी बेडकाचे घर गेले.

सुट्या दगडांचे तर बोलायलाच नको. हल्ली दगडावर दगड रचून फोटो काढायची टूम निघाली आहे. काही जण वाटेची खूण म्हणून रचतात, काही जण उगाच. रात्री टॉर्च घेऊन बेडूक-साप दाखवायला नेणाऱ्यांतही दोन प्रकार आहेत. काही अभ्यासू मंडळी दगडाला हात लावत नाहीत. काही मात्र गिऱ्हाइकाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून प्रत्येक दगड उलथून पाहतात आणि पुन्हा जागेवर ठेवतही नाहीत. त्या दगडाखालची ओल तासाभरात उडून जाते. शिवाय बेडकांच्या कातडीला लागणारी एक बुरशी आहे, तिने ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या. आपल्या पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती आढळली आहे. इथे तशी मोठी मर झाल्याची नोंद नाही, पण ओल्या बुटाच्या चिखलातून ती एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाऊ शकते. दर शनिवार-रविवारी नवा डोंगर गाठणाऱ्यांनी निदान बूट धुवून, वाळवून तरी निघावे.

मी हे कुणा परक्याबद्दल लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या विहाराची सहल ऐन श्रावणात घाटमाथ्यावर गेली होती, तेव्हा मीही होतो. सड्यावर गाडी नेऊ नका असे एक स्थानिक बाई सांगत होती. डोक्यावर इरले, हातात काठी, मागे चार गुरे. आमच्यातला एक जण तिला म्हणाला, 'रस्ता काय तुमच्या बापाचा आहे काय?' ती काही बोलली नाही, गुरे वळवून निघून गेली. गाडी सड्यावर गेली, तिथे जेवणे झाली, पत्रावळ्या तिथेच राहिल्या. परतीच्या वाटेवर त्याच गाडीत भीमगीते वाजत होती. सामान्य माणसांनी बुद्धांच्या भिक्खूंना टोकले तेव्हा बुद्धांनी ऐकले. आम्हाला एका गुराखी बाईने टोकले तेव्हा आम्ही तिचा बाप काढला.

लेण्यांचा मुद्दा तर आणखी बोचणारा आहे. भाजे, कार्ले, कोंडाणे ही लेणी म्हणजे आपला वारसा. त्यांच्यावर शेंदूर फासणाऱ्यांविरुद्ध आपल्या कार्यकर्त्यांनी लढे दिले, देत आहेत, त्यांना सलाम. पण ही लेणी कशासाठी कोरली? भिक्खूंना पावसाळ्यात राहायला निवारा हवा होता, हे त्यामागचे मोठे कारण. पावसात भटकून जीव तुडवावे लागू नयेत म्हणून कातळ फोडून घरे केली. आणि आपण काय करतो? ती घरे पाहायला भर पावसात जीव तुडवत जातो!

यावर आपल्यातलेच काही जण हरकत घेतील, आणि त्यांची हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ते म्हणतील, १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यावर हक्क सांगणारे आपण. 'इकडे येऊ नका' ही पाटी पिढ्यान्पिढ्या आपल्यासाठीच होती. आता कुठे आपल्या पोरांच्या खिशात चार पैसे आले, त्यांनी डोंगर पाहिले, तर लगेच वाटा बंद करा म्हणता?

मी म्हणतो, चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी प्यायला मज्जाव नव्हता, माणसाला होता, आणि तोही जन्म पाहून. ती बंदी माणसाच्या माणूसपणावर होती. सड्यावर हवी असलेली बंदी बुटावर आहे. तो बूट कुणाच्या पायात आहे हे ती विचारत नाही. जी बंदी सर्वांना सारखी, काही महिन्यांपुरती, कारण सांगून आणि लोकांना विचारून घातली जाते, तिला बहिष्कार म्हणत नाहीत. मात्र बंदी गुराख्याला आणि सूट रिसॉर्टच्या पाहुण्याला, असे घडले तर त्या बंदीविरुद्ध मोर्चा काढणाऱ्यांत मी पहिला असेन. ही भीती उगाच नाही. निसर्ग वाचवण्याच्या नावाखाली या देशात पहिला बळी आदिवासींचाच दिला जातो. वनहक्क कायदा २००६ साली झाला, आणि १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्या लाखो कुटुंबांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश दिला. देशभर ओरड झाल्यावर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. जंगलात शतकानुशतके राहणारा अतिक्रमक ठरतो आणि शनिवारी येऊन रविवारी जाणारा निसर्गप्रेमी! ही मनुवादी वाटणी आहे आणि ती आपण ओळखली पाहिजे.

महावग्गातला नियम यापेक्षा किती शहाणा होता ते पाहा. पावसाळ्यात फिरायचे नाही म्हटले, पण कुणी आजारी आहे, आईबापांनी बोलावले आहे, संघाचे काही अडले आहे, तर सात दिवसांपुरते जाऊन यायची मुभाही दिली. गरज आणि हौस यांत फरक केला. सड्यावरून गुरे नेणारी बाई, वाडीवरून शाळेत जाणारे पोर, आजाऱ्याला खाली आणणारे चार जण यांची वाट चालूच राहिली पाहिजे. गुरांच्या चराईचे तर वेगळेच आहे. साताऱ्याच्या कास पठारावर, ज्याला २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, फुले वाचवायला कुंपण घातले गेले. तेव्हा गुरे थांबल्याने फुलांना फायदा होतो की तोटा, यावर अभ्यासकांतच मतभेद झाले. सगळे पाय सारखे नसतात. बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार मांडताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला. त्यांच्या या भेदाच्या उजेडात पाहिले तर सड्यावरचा पर्यटक कुठे बसतो? त्याला मारण्याची गरज नाही आणि इच्छाही नाही. त्याला फक्त पर्वा नाही. बुद्धांनी ज्याला प्रमाद म्हटले तो हा.

दुसरी हरकत, की खरे गुन्हेगार मोठे आहेत. बरोबर आहे. कोल्हापूरच्या पठारांवर बॉक्साइटसाठी खाणी झाल्या, कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांसाठी सडेच्या सडे कापले जातात, बागांसाठी कातळ फोडला जातो. एक जेसीबी दिवसभरात जे करतो ते हजार ट्रेकर वर्षात करणार नाहीत. पण मोठा चोर सुटला म्हणून धाकट्याचा हात धरायचा नाही, असे कुठल्या कायद्यात आहे? आणि व्यवहाराची गोष्ट अशी की खाण बंद करायला वर्षानुवर्षे कोर्टात जावे लागते, पायवाट मात्र चार महिने बंद ठेवायला ग्रामसभेचा एक ठराव आणि प्रशासनाची इच्छा पुरते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंध घातलेच ना? माणसाचा जीव जातो तेव्हा वाट बंद करता येते, हे सिद्ध झाले.

तिसरा मुद्दा आपल्या चळवळीच्या काळजाजवळचा आहे, म्हणून तो टाळून चालणार नाही. 'पडीक जमीन भूमिहीनांना द्या' ही आपली मागणी आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या मागणीतला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण सरकारी दप्तरातला 'पडीक' हा शब्द दोघांना फसवतो. भूदानात दगडधोंडे वाट्याला आले, हा अनुभव जुना आहे. कसता येणारी जमीन धनदांडग्यांनी ठेवायची आणि जिथे कुसळ उगवत नाही तो कातळ भूमिहीनाच्या नावे करून उपकाराची टिमकी वाजवायची, हे कपट आहे. आपली मागणी कसदार जमिनीची असली पाहिजे. आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. त्या वाटपाच्या चर्चेत भूमिहीनाच्या हाती काय लागणार, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे, आणि त्याच बैठकीत सड्याचे काय होणार हाही प्रश्न आपणच विचारला पाहिजे. नाहीतर सडा शहरातल्या बिल्डरच्या सातबाऱ्यावर जाईल, तिथे 'नेचर रिसॉर्ट' उभे राहील आणि आपली माणसे तिथे भांडी घासतील.

विचारायचे कुठे? जागा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितली आहे. गावातल्या जीवजातींची आणि लोकांच्या ज्ञानाची नोंदवही करणे हे तिचे काम. २००४ च्या नियमांनी या समितीवर किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य हवेत असे घालून दिले होते. सहा-सात जणांच्या समितीत १८ टक्के म्हणजे एखाददुसरा माणूस. तो माणूस कोण आहे? तुमच्या गावातला तो तुम्हाला माहीत आहे काय? त्याला स्वतःला तरी माहीत आहे काय? अनेक ठिकाणी या समित्या कागदावर झाल्या, नोंदवह्या बाहेरच्या माणसांनी लिहिल्या आणि कपाटात गेल्या. राखीव जागेवरचा सरपंच सहीपुरता ठेवण्याची जी रीत आहे, तीच इथे चालू आहे.

पण या कायद्यात ताकद आहे. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली. २०२० साली तिची नोंद झाली आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. चांगले झाले. मात्र मनात एक प्रश्न येतोच. मंदिराच्या कुंडातल्या माशाला एका वर्षात जो मान मिळाला, तो उघड्या कातळावरच्या बेडकाला २००९ पासून का मिळू नये? त्याच्या डोक्यावर कळस नाही म्हणून?

मागायचे ते फार नाही. जूनच्या पहिल्या पावसापासून सप्टेंबरअखेरपर्यंत बेडकांच्या प्रजननाचे सडे हौशी पर्यटकांना बंद. आषाढ पौर्णिमेची वाट पाहून चालणार नाही, तोवर पहिली अंडी घालून झालेली असतात. सड्यावर वाहन बारा महिने बंद. जिथे वाट ठेवायचीच, तिथे एकच ठेवावी, ती डबक्यांपासून दूर आखावी, आणि तिच्यावर देखरेखीला गावातल्या भूमिहीन घरांतली मुले-मुली पगारी नेमाव्यात. गाईडचे बिल्ले कुणाला मिळतात, प्रवेशशुल्क कुणाच्या खात्यात जाते, याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. हे सगळे ठरवताना गुरे वळवणाऱ्या त्या बाईला खुर्ची द्यावी. तिला सड्याची जेवढी माहिती आहे तेवढी वनखात्याच्या नकाशात नाही.

आणि स्वतःपासून सुरुवात म्हणून आमच्या विहाराने यंदा एवढे ठरवले आहे की वर्षावासाच्या पहिल्या दिवशी ग्रंथवाचनाआधी महावग्गातली राजगृहाची ती हकिकत वाचायची, आणि लेण्यांची सहल श्रावणातून काढून दिवाळीनंतर न्यायची. ठराव झाला, पण एकमताने नाही. दोन तरुण कार्यकर्ते अजून नाराज आहेत. पाऊस नाही, धबधबा नाही, मग लेण्याला कोण येणार, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना महावग्गातल्याच छब्बग्गिय भिक्खूंची गोष्ट सांगितली. वर्षावासाला बसून मध्येच फिरायला निघणारे सहा जणांचे टोळके बुद्धांच्या संघातही होते, आणि लोकांनी तेव्हाही तक्रार केली होती. ते हसले. पटले आहे असे वाटत नाही. पुढची बैठक रविवारी आहे.